गुडघ्याची जागा

दारव्ह्यात दिग्रस रोडवरचं सुनील राठोडचं दुकान विचारत विचारत शोधावं लागत नाही. ते आधी ऐकू येतं, मग दिसतं. शटरसमोर कोणाची ना कोणाची गाडी चारी दारं उघडी टाकून उभी असते आणि आतून असा दणका चालू असतो, की समोरच्या हॉटेलातले कप बशीत थरथरतात. हॉटेलवाल्याने दोनदा तक्रार करून पाहिली, मग नाद सोडला. आता तो चहाच जरा कमी भरतो.

लाकूड आणि फायबर यांपासून गाडीच्या आतले वळणदार पॅनल बनवणं, हा सुनीलचा धंदा. कंपनीने दिलेलं दाराचं प्लास्टिक काढायचं, त्याच मापाचा प्लायवुडचा सांगाडा कापायचा, त्यावर बनियनचं कापड ताणून पिना ठोकायच्या आणि त्या कापडाला रेझिन पाजायचं. रेझिन वाळलं की कापडाचा दगड होतो. मग मागून फायबरच्या मॅटचे थर, पुढून पुट्टी, घासून घासून हातांची सालटी, आणि सगळ्यात शेवटी वरून रेग्झिन. रेग्झिन चढवते पुष्पा, त्याची बायको. तांड्यावर राहणारी त्याची याडी, म्हणजे आई, धुरपताबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की माझा पोरगा नागपूरला जाऊन कपड्याचा दगड करायला शिकला. आता दगडाचा कपडा करायला शिकला की आम्ही बसून खाऊ.

आजवर त्याने केलेल्या पॅनलांचा हेतू एकच होता, आवाज. कोणी म्हणे दारात चार स्पीकर बसव, कोणी म्हणे सहा. एका नवरदेवाने तर काच खाली जायला जागा उरली नाही तरी चालेल म्हणून सांगितलं आणि भर उन्हाळ्यात काचा बंद करून वरात काढली. सुनील कोणाला नाही म्हणत नसे. काम सुबक करी, गिऱ्हाईक खूश होऊन जाई, आणि आठ दिवसांत त्याहून मोठा आवाज हवा म्हणून परत येई.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुकानासमोर जी गाडी थांबली, तिच्यातून मात्र काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. गाडी कोरी होती. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे लिंबू-मिरची, सीटांवरचं प्लास्टिक तसंच. चालवणारे भगवानराव, बोरी रोडवरच्या एका गावचे कास्तकार, अनवाणी खाली उतरले आणि डिकीतल्या पिशवीतून चपला काढून पायात घातल्या. यात कोणाला हसू आलं नाही. नव्या गाडीत चपला घालून बसायचं नाही, हे आमच्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. सुनील तर गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीतही चपला बाहेर काढूनच शिरे.

"सुनील, माह्या पोरीले पाय ठेवायले जागा करून दे," भगवानराव म्हणाले.

"पाय ठेवायले खाली असते न जागा, काकाजी."

"तुह्या-माह्या पायाले असते."

मग त्यांनी पलीकडचं दार उघडलं, तिचा बूट आणून घातला, आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन सुरभी उतरली. सत्तावीस वर्षांची, चष्मा, मोकळं हसू. लहानपणी उजव्या खुब्यात पू झाला, सांधा आखडला, पाय अडीच इंच आखूड राहिला आणि गुडघा कायमचा बाहेर वळला. चालताना जाड तळव्याचा बूट लागे. शिकण्यात मात्र पाय कधी आडवा आला नाही. दुसऱ्या प्रयत्नात तलाठ्याची परीक्षा पास झाली आणि नेमणूक मिळाली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, झरी जामणी तालुक्यात. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

मुकुटबनला खोली पाहून झाली होती. पण तिच्याकडची तीन गावं जंगलातली. तिकडे बस जात नाही, आणि शेअर जीपच्या पायरीवर चढणं तिला या जन्मात जमणार नव्हतं. स्वतःची गाडी चालली तर नोकरी, नाही तर अर्ज लिहून परत घरी, असा सरळ हिशेब होता. म्हणून भगवानरावांनी गिअर नसलेली गाडी घेतली, नागपूरहून हाताने चालवायचा ब्रेक आणि एक्सिलेटर बसवून आणला, आरटीओत पास करून घेतला. लायसन हातात पडलं. घोडं पेंड खात होतं ते दारापाशी. तिचा बाहेर वळलेला गुडघा नेमका दाराच्या खिशावर येई, आणि पाण्याची बाटली ठेवायच्या त्या खिशाची कड दहा मिनिटांत मांसात रुते.

"दारात खड्डा पायजे," सुनील म्हणाला. "गुडघा बसन असा. करून देतो."

त्याने हे सहज म्हटलं खरं, पण मनातून तो हरखला होता. स्पीकरसाठी त्याने शंभर खड्डे केले होते. माणसासाठी एकही नाही.

माप घ्यायला पुष्पा बसली. सुरभी बूट बाहेर काढून, भगवानरावांच्या हातांवर भार टाकून, गाडीत चढली. पुष्पाने दारावर चिकटपट्टी लावली आणि गुडघा टेकत होता तिथे पेनाने गोल काढला. "रुतून राह्यलं का?" असं तिने तीनदा विचारलं. सुरभी तिन्ही वेळा "चालते वहिनी" म्हणाली, आणि उतरताना थँक्यू म्हणाली. पाणी दिलं तेव्हा थँक्यू, खुर्ची सरकवली तेव्हा थँक्यू. सुनीलच्या दुकानात इतके थँक्यू वर्षाकाठी जमत नसत.

चार दिवस सुनीलने दुसरं काम हातात घेतलं नाही. खिसा काढून टाकल्यावर काचेच्या मशीनपर्यंत चार बोटं जागा मिळत होती. त्यातलं एक सूतही त्याने वाया घालवलं नाही. प्लायवुडची एक कडी कापून ती आत खोल बसवली, बाहेरच्या चौकटीपासून त्या कडीपर्यंत कापड ताणलं, तर कापडाने आपोआप असा उतार घेतला की कुठे कोपरा नाही, कुठे धार नाही. सुपासारखा खोलगट आकार. पुष्पाने आत पातळ फोम घालून राखाडी रेग्झिन चढवलं आणि शिवण गुडघा टेकणार नाही अशा जागी नेली. शनिवारी सकाळी पॅनल दारावर बसलं तेव्हा सुनील रस्त्यापलीकडे जाऊन हॉटेलवाल्याला हाताला धरून घेऊन आला. त्यानेही मान डोलावली. आवाज येत नव्हता म्हणून असेल.

दहाच्या सुमाराला भगवानराव आणि सुरभी आले. सुरभी अनवाणी आत बसली आणि गुडघा त्या खोलगट जागेत असा गेला, जसा काही तिथेच वाढला होता. तिने गाडी सुरू केली, बोरी नाक्यापर्यंत नेली, वळवून परत आणली. भगवानरावांनी पेढ्यांचा पुडा फोडला आणि पहिला पेढा सुनीलच्या तोंडात कोंबला.

पुष्पा पेढा हातात धरून बघत राहिली होती. गाडी थांबली तरी सुरभी उतरली नव्हती. भगवानरावांनी तोंड पुसलं, बूट घेतला, दाराशी उकिडवे बसले, लेकीच्या पायात बूट चढवला, नाड्या बांधल्या, मग तिच्या काखेत हात घालून तिला उतरवलं. दोघांनाही त्याची इतकी सवय होती की बोलणंही थांबलं नव्हतं.

"सुरभीताई," पुष्पा म्हणाली, "तिकडे बूट कोण घालून देईन?"

हॉटेलवाला हळूच निघून गेला.

"भेटते कोणी ना कोणी, वहिनी," सुरभी हसून म्हणाली. "चालते."

"जंगलात?"

"तुमी स्वतःच्या हातानं नाही घालू शकत?" सुनीलने विचारलं.

"खुबा वाकत नाही न, भाऊ. बसल्या बसल्या हात पायापर्यंत पोहोचत नाही. घरी पलंगावर आडवी होऊन घालतो."

म्हणजे गाडी बूट घालूनच चालवावी लागणार. अडीच इंचांचा तळवा. बूट घातला की पाय अडीच इंच वर, म्हणजे गुडघाही वर. माप घेतलं अनवाणी, कारण गाडी नवी होती आणि नव्या गाडीत कोणी पायताण घालून बसत नाही. त्या दिवशी दुकानात चार शहाणी माणसं हजर होती आणि चौघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. म्हणजे सुनीलला तेव्हा असं वाटलं.

"बूट घालून बसा आत," तो म्हणाला.

"नव्या गाडीत?" भगवानरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

सुरभी बूट घालून बसली. गुडघा खोलगट जागेच्या वर, हात टेकायच्या दांड्याखाली जाऊन अडकला. सीट मागे-पुढे झाली, वर-खाली झाली, खालची चटई काढून झाली. गुडघा तिथेच. जुना खिसा निदान खालून रुतत होता, हा दांडा सरळ गुडघ्याच्या वाटीवर बसत होता.

"चालते भाऊ," सुरभी म्हणाली. "एवढं काही नाही."

"नाही चालत," सुनील म्हणाला.

"खरंच चालते. तुमी एवढं सुंदर केलं..."

"ताई, हे माह्या घरी टांगायले नाही केलं. तुमच्या गुडघ्यासाठी केलं. रुतते का नाही, ते सांगा."

सुरभीने स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "रुतते," ती म्हणाली. "लय रुतते. मले मंगळवारीच माहीत होतं."

आता ताकाला जाऊन भांडं का लपवलं, असं कोणी तिला विचारणारच. भगवानरावांनी विचारलंही. तेव्हा ती जे बोलली ते सुनीलच्या मनातून अजून जात नाही. ती म्हणाली, "बाबा, मले उठायले दुसऱ्याचा हात लागते, बसायले लागते. ज्यानं हात देला त्याले कसं सांगू का तुमचा हात टोचून राह्यला? पुढच्या वेळी देणार नाही न तो. म्हणून चालते म्हणायचं अन् थँक्यू म्हणायचं. तुमी गाडीची पूजा केली, आईनं ओवाळलं, तुमी म्हणाले बूट काढ, मी काढला. तुमचा आनंद कायले मोडू?"

भगवानराव गाडीला टेकून उभे राहिले. सुनीलला मात्र विलक्षण वाटलं ते हे, की त्याला राग आला नाही. सहा-सहा स्पीकरवाले त्याला फोनवर शिव्या देत तेव्हा तो दिवसभर धुसफुसत असे. इथे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम नापास झालं होतं आणि त्याला पुष्पाचे पाय धरावेसे वाटत होते. तिने पेढा खाऊन तोंड बंद ठेवलं असतं, तर ही पोरगी सोमवारी त्या पॅनलसकट गेली असती आणि कुठल्या तरी पाड्यावर उन्हात, बंद गाडीत, रस्त्याने कोण येतं याची वाट पाहत बसली असती.

"उद्या सकाळी सहाले या," तो म्हणाला. "बूट घालून."

ते गेल्यावर त्याने पॅनल उतरवलं आणि ग्राइंडर घेतला. पुष्पाने दुसरीकडे तोंड केलं, कारण रेग्झिनची ती शिवण तिने दोनदा उसवून घातली होती. दोन मिनिटांत चार दिवसांची मेहनत दोन तुकड्यांत पडली. जागा वर सरकवायची म्हणजे हात टेकायचा दांडा अर्धा कापायचा, काचेची बटणं पुढे न्यायची, त्यांच्या वायरी लांबवायच्या. तेवढं दुपारपर्यंत झालं. पण बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं, आणि घाईघाईत सुनीलने रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर रोजच्या मापाने ओतलं. मग्यातलं रेझिन कापडाला लागायच्या आधीच तापलं, फसफसलं, धूर सोडून मग्यातच दगड झालं. दुकानात होतं त्यातलं अर्धं गेलं. रविवारी नागपूर बंद, यवतमाळ बंद. दुष्काळात तेरावा महिना.

"बसा जरासं," पुष्पा म्हणाली. "रेझिनलेही ऊन लागते. सकाळी थंड्यात करू. हार्डनर निम्मं टाकजा, अन् थोडं थोडं कालवा."

ती रेग्झिनवाली, रेझिनमधलं तिला काय कळतं, असं दुसऱ्या कोणत्याही दिवशी तो म्हणाला असता. आज मुकाट्याने पाणी प्यायला.

रविवारी सहाला गार वारा होता. सुरभी आली ती बूट घालूनच, आणि थेट आत बसली. दारावर आता फक्त लाकडाचा सांगाडा होता आणि गुडघ्याची कडी सुनीलने हातात धरली होती.

"जिथं रुतन तिथं सांगा," तो म्हणाला. "थँक्यू म्हणालं तं कडी खाली ठेवून देईन."

सुरुवातीला ती नुसती हसत होती. मग म्हणाली, "जरा वर." मग म्हणाली, "नाही, अजून वर." मग, "आता मागची कड टोचते." सुनीलने कानशीने कड उतरवली. "अजून टोचते, भाऊ." त्याने अजून उतरवली. भगवानरावांनी मध्येच "बस झालं ना आता" म्हटलं, तर ती बापावर डाफरली, "तुमाले काय माहीत? गुडघा माहा आहे." भगवानराव आपल्याशीच हसले. अकरा वेळा कडी हलली. बाराव्या वेळी तिने डोळे मिटून घेतले, नुसती बसून राहिली आणि म्हणाली, "इथं."

सुनीलने तिथे खिळे मारले. नंतर कापड ताणलं, मग्याभोवती ओलं पोतं गुंडाळलं, आणि एका वेळी वाटीभर रेझिन कालवून कुंचल्याने पाजत गेला. प्रत्येक वाटीच्या वेळी जीव मुठीत होता. पण रेझिन शहाण्यासारखं वागलं. दहापर्यंत कापड कडक झालं, दुपारपर्यंत मागचे थर वाळले. घासायला भगवानराव स्वतः बसले. त्यांनी उभ्या जन्मात पॉलिश पेपर धरला नव्हता, नको तिथे घासत होते, पण त्यांना उठा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. संध्याकाळी पुष्पाने उरलेल्या रेग्झिनचे दोन तुकडे जोडून वरून चढवलं. रंग अगदी जुळला नाही. खालचा तुकडा जरा गडद दिसतो.

दिवेलागणीला सुरभी बूट घालून बसली, गाडी नेली, आणली, दार उघडलं, आधी उजवा पाय टाकला, मग दाराची चौकट धरून डावा, आणि उभी राहिली. आजूबाजूला हॉटेलवाल्यासकट चार माणसं हात पुढे करून उभी होती. चौघांचेही हात तसेच राहिले. भगवानरावांना आपले हात कुठे ठेवावेत हे कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही हात सुनीलच्या खांद्यांवर ठेवले आणि लहान पोरासारखे रडले. "तुहे उपकार कसे फेडू बाप्पा," एवढंच म्हणत राहिले. सुनील म्हणाला, "माहे नाही, काकाजी, पुष्पाचे." आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

सोमवारी ती गेली. सोबत आई भागीरथाबाई आठ दिवसांसाठी गेल्या. सोमवारी फोन नाही, मंगळवारी नाही. बुधवारी सुनील एका जीपच्या दारात स्पीकर बसवत होता, पण लक्ष नव्हतं. पुन्हा पुन्हा वाटत होतं, की अर्ध्या रस्त्यात कड रुतली असेल आणि ती पोरगी कोणाला तरी चालते म्हणत असेल. दुपारी तीनला फोन वाजला. त्याने जीपवाल्याला गाणं बंद करायला लावलं.

"सुनीलभाऊ, सुरभी बोलतो. एका पाड्यावरून बोलून राह्यली, इथं एकाच झाडाखाली रेंज आहे."

"एकट्याच?"

"हाव, एकटीच. आई खोलीवर आहे. बावीस किलोमीटर आली, अर्धा रस्ता खडीचा. सातबाऱ्यासाठी पन्नास माणसं जमले, आता त्याह्यचंच चालू आहे."

सुनीलच्याने राहवेना. "ताई, पाय? रुतला का कुठं? खरं सांगजा."

तिच्या मागून माणसांचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी तलाठी मॅडम, तलाठी मॅडम म्हणून हाका मारत होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि आवाजच बदलला तिचा. "पायाचं मले ध्यानातच नाही राह्यलं, भाऊ. सकाळपासून. तुमी विचारलं तवा आठवलं."

तेवढ्यात तिला कोणीतरी परत हाक मारली आणि फोन बंद झाला.

सुनील फोन हातात धरून तसाच उभा राहिला. जीपवाला विचारत होता, गाणं लावू का. पुष्पा मशीनवरून उठून आली, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून घाबरली, आणि म्हणाली, "काय झालं वो? रुतलं का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग त्याने तिचे सुईने टोचलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि भर रस्त्यावर, जीपवाल्यासमोर, कपाळाला लावले.